घरातल्या जुन्या फोटोतली रेसिंग मोटरसायकल ओळखायची कशी

टाकीवरचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं, हे आधीच सांगून टाकतो. जुना फोटो हातात आला की सगळे भिंग घेऊन पहिल्यांदा तिकडेच धावतात आणि रेसिंगच्या गाड्यांमध्ये नेमकी तीच गोष्ट सगळ्यात बेभरवशाची असते. टाकी दोन-चार बोल्टांवर बसलेली, ती पडली की चेपते, बदलली जाते, पुन्हा रंगवली जाते, दुसऱ्याच गाडीची आणून लावली जाते. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव पेटीचा, आकार तसा बदलत नाही, तो ज्या कारखान्यात ओतला गेला त्याची खूण कायम घेऊन फिरतो, त्यामुळे इंजिन कुणाचं हे तरी त्यावरून सांगता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे "ही गाडी कुठली" हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा नाही. आधी विचारायचं की हा फोटो कुठल्या वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही. गाडीवरचा सगळ्यात नवा पार्ट ते वर्ष ठरवतो. बाकी सगळी गाडी १९२४ची वाटली तरी एक पार्ट १९३५ नंतरचा असेल तर फोटो १९३५ नंतरचाच, विषय संपला.

आधी स्कॅन, मग डोकं

मोबाईलने अल्बमचा फोटो काढून त्यावर काम करू नका, चकाकी येते आणि बारीक तपशील जातात. छोटा प्रिंट असेल तर फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला रंगीत मोडमध्ये स्कॅन करा (हो, फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी, कारण पिवळेपणा, डाग, पेन्सिलच्या खुणा वेगळ्या दिसतात), फाईल टिफमध्ये ठेवा आणि मागची बाजूही स्कॅन करा. निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळं, ती २४०० किंवा जास्तला करा, प्रिंटमध्ये काळ्यात बुडालेलं इंजिन निगेटिव्हमध्ये बऱ्याचदा स्पष्ट असतं. अल्बमला चिकटवलेला फोटो ओढून काढू नका, तसाच कॅमेऱ्याने, बाजूने मंद उजेड टाकून काढा.

आणि एक कळकळीची विनंती, एआयने "शार्प" केलेल्या फोटोवरून काहीही ओळखू नका. ते सॉफ्टवेअर जिथे धूसर डाग आहे तिथे स्वतःच्या मनाने अक्षरं बनवतं, फिन्सची (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांची) संख्या बदलतं, स्पोक गायब करतं. कॉन्ट्रास्ट वाढवणं, सावल्या उजळणं एवढंच करा.

कागद आणि फिल्म काय सांगतात

गाडीकडे वळण्याआधी फोटो पालथा करा. बरेच जुने फोटो पोस्टकार्डच्या कागदावर छापलेले असतात. मागची बाजू मधोमध रेघ मारून दोन भागांत विभागलेली असेल, एकीकडे मजकूर आणि एकीकडे पत्ता, तर ब्रिटनमध्ये ही पद्धत १९०२ पासून आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून चालू झाली. स्टॅम्पच्या चौकोनात एझेडओ (AZO, फोटोच्या कागदाचा एक ब्रँड) असं छापलेलं असेल तर कोपऱ्यातले त्रिकोण बघा: चारही वर टोक करून असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८चा, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०चा धरतात. फोटोच्या कडेला किंवा खाली हाताने लिहिल्यासारखी ओळ असेल आणि ती शाईची नसून फोटोतच उमटलेली असेल, तर तो कोडॅकचा ऑटोग्राफिक कॅमेरा असू शकतो. १९१४ ते १९३२ पर्यंतच्या त्या कॅमेऱ्यांना मागे छोटी झडप असायची, तिथून सळईने थेट फिल्मवर तारीख लिहिता यायची. अशी ओळ सापडली तर अर्धं काम झालं.

रंगांचा घोळ मात्र नीट समजून घ्या. त्या काळच्या पुष्कळ फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होत्या, त्यांना लाल रंग दिसतच नसे. म्हणजे लालभडक इंडियन (ही अमेरिकन कंपनी) मोटरसायकल फोटोत जवळजवळ काळी येते आणि निळी वस्तू फिकट, कधीकधी पांढरटच. घरगुती वापराची कोडॅक व्हेरिक्रोम फिल्म ऑर्थोच होती, सगळे रंग पकडणारी व्हेरिक्रोम पॅन १९५६ मध्ये आली. त्यामुळे "टाकी काळी आहे म्हणून अमुक कंपनी" हे वाक्य विसरा. तसंही वेलोसेट, एजेएस, सनबीम, रज या ब्रिटिश कंपन्या, सगळ्यांच्याच टाक्या काळ्या आणि त्यावर सोनेरी रेघा, काळ्या टाकीवरून काही सिद्ध होत नाही.

फोटो उलटा छापलाय का तेही इथेच बघून घ्या. नंबर किंवा अक्षरं असतील तर लगेच कळेल. नसतील तर पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजव्यावर येते ते बघा. बहुतेक ब्रिटिश गाड्यांत चेन डावीकडे आणि टायमिंगचं (इंजिनाच्या आतल्या गिअरांवरचं) झाकण उजवीकडे असतं, पण गाडीच अजून ओळखायची आहे तर कोटाची बटणं बरी.

खरंच रेसची आहे का, आणि कुठल्या रेसची

नंबर लावलाय म्हणजे रेस, असं नसतं. लांब पल्ल्याच्या विश्वासार्हतेच्या चाचण्या व्हायच्या, त्यातही गाडीला नंबर असे आणि गाडी साधी रोजची असे. दिव्याचे ब्रॅकेट, मोठे मडगार्ड, स्टँड, सामानाचं कॅरिअर हे सगळं शिल्लक असेल आणि फक्त हँडल खाली वाकवलेलं असेल, तर ती बहुधा हौसेने सजवलेली रस्त्यावरची गाडी. ब्रिटनमध्ये नोंदणीची पाटी १ जानेवारी १९०४ पासून सक्तीची झाली आणि पुढच्या मडगार्डवरची पाटी १९७५ पर्यंत टिकली, त्यामुळे ती पाटी दिसली तर गाडी रस्त्यावर चालत होती एवढं नक्की.

रेसच असेल तर गाडीचा एकंदर अवतारच सांगतो कुठली ते. ब्रेकच नाहीत, हँडल चाकाच्या आसापर्यंत खाली आलेलं, एक्झॉस्टच्या नळ्या अगदी आखूड किंवा नाहीतच, आणि मागे लाकडी फळ्यांचा उतार, ही अमेरिकेतली बोर्ड ट्रॅक रेसिंग. १९१० मध्ये लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे इथे मोठा फळ्यांचा ट्रॅक झाला आणि १९२०च्या दशकात हा प्रकार ओसरला. इंडियन, हार्ले, एक्सेलसिअर हीच नावं तिथे जास्त.

ब्रेक नाहीत पण हँडल रुंद, पुढचं चाक उंच आणि बारीक, आणि चालवणाऱ्याच्या डाव्या बुटाला लोखंडी तळ, म्हणजे स्पीडवे किंवा डर्ट ट्रॅक. डाव्या वळणावर डावा पाय जमिनीवर घासत जायचा म्हणून तो लोखंडी तळ, तो दिसला की दुसरं काही बघायची गरजच नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनजवळ हाय बीचला मोठी गर्दी जमली आणि तिथून हा खेळ पेटला. सुरुवातीला डग्लस आणि रज, मग १९३०च्या दशकापासून कितीतरी वर्षं सगळीकडे जेएपी या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं ५०० सीसी इंजिन.

काँक्रीटचा तिरपा चढ दिसला तर इंग्लंडमधला ब्रुकलँड्स ट्रॅक डोक्यात घ्या. १९०७ मध्ये उघडलेला, १९३९ मध्ये रेसिंग बंद. आसपासच्या लोकांनी आवाजाची तक्रार केल्यामुळे १९२४ पासून तिथे सायलेन्सर सक्तीचे झाले, मोठा डबा आणि पुढे माशाच्या शेपटीसारखी चपटी नळी, त्याला ब्रुकलँड्स कॅनच म्हणतात. तो डबा असेल तर १९२४ नंतरचं. आणि मागच्या टायरला साखळ्या गुंडाळलेल्या असतील तर ती अमेरिकन हिल क्लाइंब, चढावर माती पकडायला.

गाडीचं वय वरून खाली वाचा

इथे घाई करू नका, सगळी मजा इथेच आहे.

मागचं चाक कशाने फिरतंय ते बघा. पट्टा असेल तर गाडी जुनी, बहुतेक १९२०च्या आधीची. टीटी (आयल ऑफ मॅन बेटावरची टुरिस्ट ट्रॉफी) रेस १९०७ मध्ये सुरू झाली तेव्हा एक गिअर आणि पट्टा चालून जायचा, पण १९११ मध्ये ती डोंगरातल्या मार्गावर नेली आणि एका गिअरवर चढ चढेना. त्या वर्षी सीनियर (मोठ्या इंजिनांच्या) टीटीत इंडियनने पहिले तिन्ही नंबर घेतले, त्यांच्याकडे दोन गिअर आणि चेन होती. पुढे हळूहळू सगळेच चेनवर आले.

मग टाकी, म्हणजे तिचा आकार, नाव नाही. फ्रेमच्या वरच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये अडकवलेली चपटी लांब पेटी असेल तर फ्लॅट टँक, आणि वरच्या नळीवर घोड्याच्या खोगिरासारखी दोन्हीकडे उतरलेली असेल तर सॅडल टँक. बहुतेक ब्रिटिश कंपन्यांनी हा बदल १९२८-२९च्या सुमारास केला. ब्रफ सुपिरिअरसारख्या काही जणांनी आधीच केला होता, म्हणून फक्त टाकीवर निकाल देऊ नका.

पुढचा चिमटा. सायकलसारख्या नळ्यांचा सांगाडा आणि स्प्रिंगा असतील तर गर्डर. जुन्या ड्रूइड पद्धतीत दोन बाजूंना दोन स्प्रिंगा दिसतात, पुढे १९२०च्या दशकात वेब पद्धत आली तिच्यात मधोमध एकच जाड स्प्रिंग. पुढे पट्ट्यांची स्प्रिंग असेल, मोटारगाडीच्या कमानीसारखी, तर आधी इंडियनचा विचार करा. आताच्यासारख्या दोन सरळ नळ्या असतील तर टेलिस्कोपिक, ऑइल डँपिंगचे टेलिस्कोपिक चिमटे बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आणले आणि ब्रिटिश रेसिंग गाड्यांवर ते सर्रास दिसतात ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

गिअरचा दांडा टाकीशेजारी हाताला की खाली पायाला? वेलोसेटने १९२८ मध्ये पायाने एकेक गिअर पडणारी यंत्रणा रेसमध्ये आणली आणि काही वर्षांत बाकीचे मागे आले. असा पायाचा गिअर असेल तर सहसा १९२८च्या मागे जाऊ नका, उगाच वेळ जाईल.

ब्रेक, मागचं सस्पेन्शन आणि फेअरिंग (वारा कापायचं बाहेरचं कवच) पटकन उरकूया. पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक म्हणजे १९२०चं दशक किंवा पुढचं. मागे काहीच सस्पेन्शन नसणं युद्धापर्यंत अगदी नॉर्मल. मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दांडा) आणि रुंद दुहेरी फ्रेम असलेली नॉर्टन म्हणजे फेदरबेड, १९५० किंवा नंतर. पुढचं चाकसुद्धा झाकणारी संपूर्ण फेअरिंग असेल तर १९५०चं दशक, आणि १९५७ नंतर ग्रांप्रीमध्ये तिच्यावर बंदी आली.

हे सगळं "याच्या आधीची नाही" एवढंच सांगतं. जुनी गाडी वीस वर्षांनी कुणीतरी शेडमधून बाहेर काढून तिच्यावर बसून फोटो काढलेला असू शकतो, म्हणून "याच्या नंतरची नाही" हे कागदावरून, कपड्यांवरून, मागे उभ्या असलेल्या मोटारींवरूनच काढायचं.

आता इंजिन

सिलिंडर किती आणि कुठल्या दिशेला, एवढ्यावर अर्ध्या कंपन्या बाद होतात. दोन सिलिंडर आडवे, एक पुढच्या चाकाकडे आणि एक मागच्या चाकाकडे तोंड करून, तर डग्लसचा विचार पहिला (१९२३ची सीनियर टीटी त्यांनीच जिंकली). दोन सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर आलेले तर बीएमडब्ल्यू, १९२३ पासून. एकच सिलिंडर जमिनीला समांतर पुढे झोपलेला आणि बाजूला मोठं उघडं फ्लायव्हील, तर मोटो गुझी. पुढे रेडिएटर, मधे रिकामी वाटणारी फ्रेम आणि दोन सिलिंडर तर स्कॉट, टू-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी, १९१२ आणि १९१३ची सीनियर टीटी तिची.

उभा एकच सिलिंडर असेल तर मात्र भिंग घ्या, कारण तसे कितीतरी आहेत. सिलिंडरच्या उजव्या बाजूला काय वर जातंय? दोन बारीक नळ्या तिरप्या वर जात असतील तर पुशरॉड (खालून वरचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). एकच जाड नळी सरळ वर जाऊन हेडवरच्या डब्यात शिरत असेल तर ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर हेडमध्येच), आत बेव्हल गिअरचा दांडा असतो: नॉर्टन किंवा वेलोसेट केटीटी (वेलोसेटचं रेसिंग मॉडेल) हे पहिले उमेदवार. नळीऐवजी लांबट चपटं झाकण वरपर्यंत गेलेलं असेल तर आत चेन आहे, एजेएस बघा, १९२७ पासूनचे त्यांचे कॅमचे सिंगल आणि १९४८चा ७आर दोन्ही चेनवालेच. वर काहीच जात नसेल, हेड बुटकं आणि चपटं असेल तर साइड व्हॉल्व्ह किंवा टू-स्ट्रोक.

दोन एक्झॉस्ट दिसले म्हणून दोन सिलिंडर समजू नका हं. १९२०च्या शेवटी आणि १९३०च्या दशकात एकाच सिलिंडरला दोन नळ्या लावायची फॅशन होती.

आणि सगळ्यात डोकेदुखी म्हणजे इंजिन एकाचं, फ्रेम दुसऱ्याची. जेएपी आणि ब्लॅकबर्न हे मुळात इंजिन विकणारे, गाडी बनवणारे वेगळे. १९२३ची ज्युनियर (लहान इंजिनांची) टीटी स्टॅनली वुड्सने जिंकली ती कॉटन फ्रेम आणि ब्लॅकबर्न इंजिनावर. कॉटनची फ्रेम चटकन कळते, स्टिअरिंगपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत सरळ नळ्यांचे त्रिकोण. ब्लॅकबर्नच्या बऱ्याच इंजिनांना फ्लायव्हील बाहेर असतं. अशा वेळी इंजिन आणि फ्रेम वेगवेगळी ओळखा आणि उत्तरही तसंच द्या, "जेएपी इंजिन, फ्रेम ओळखू आली नाही" हे पूर्णपणे सन्माननीय उत्तर आहे. त्यातच शेडमध्ये चार गाड्यांचे पार्ट जोडून बनवलेले स्पेशल असतात, त्यांना तर नावच नसतं.

एक फोटो धरून बघू

समजा फोटो उजव्या बाजूने काढलाय. सॅडल टँक, वेब पद्धतीचा गर्डर, पायाचा गिअर, मागे सस्पेन्शन नाही, सिलिंडरशेजारी एक सरळ जाड नळी, मागच्या मडगार्डवर पुढे झोपायला छोटी गादी. पायाचा गिअर आणि सॅडल टँक मिळून १९२८च्या पुढे नेतात, गर्डर सांगतो की गाडी बहुतेक युद्धाआधीची. उरले नॉर्टन आणि वेलोसेट. टाकी फिकट, मधे गडद पट्टा आणि बारीक रेघ असेल तर नॉर्टनची चंदेरी टाकी, आणि इंटरनॅशनल मॉडेल १९३२ मध्ये आलं. टाकी पूर्ण गडद असेल तर केटीटीकडे वळा, ती १९२९ पासून. घरात त्याच दिवशीचा डाव्या बाजूचा फोटो असेल तर मग पैज लावू शकता, कारण वेलोसेटचा क्लच मागच्या चेनच्या आतल्या बाजूला असतो, मागच्या चाकाची चेन बाहेर आणि इंजिनाची चेन आत. बाकी ब्रिटिश गाड्यांत साधारण याच्या उलट. हेडचे फिन्स प्रचंड मोठे चौकोनी असतील तर केटीटीचं अगदी शेवटचं रूप, १९३८-३९च्या आसपास, पण त्यातल्या १९३९च्या मार्क ८ला मागे स्विंगआर्म आहे, आपल्या फोटोत तो नाही.

सीसी काढायचं असेल तर चाक पट्टी म्हणून वापरा. २१ इंची रिम आणि ३ इंची टायर म्हणजे बाहेरून साधारण २७ इंच. फोटोत चाकाची उभी उंची मोजा (आडवी नको, गाडी थोडी तिरकी असली की चाक अंडाकृती होतं) आणि त्या प्रमाणात सिलिंडरची उंची, दोन आसांमधलं अंतर काढा. यातून ३५० की ५०० हे ठामपणे कळत नाही, पण १२५ आणि ५०० मधला फरक नक्की कळतो.

माणूस आणि नंबर

टीटीमध्ये हेल्मेट १९१४ पासून सक्तीचं, त्याच्या आधीच्या फोटोत टोप्या दिसतील. पुडिंग बेसिन म्हणजे वाटीसारखं हेल्मेट बरीच दशकं चाललं, त्यावरून फार काही कळत नाही. अंगाला चिकटलेला एकसंध लेदरचा सूट मात्र कामाचा, तो ब्रिटिश रेसर जेफ ड्यूकने १९५०च्या सुमारास आणला, त्याआधी जाकीट आणि पँट वेगळी.

ग्रांप्रीच्या पाट्यांना वर्गानुसार रंग होते: ५००ला पिवळ्यावर काळे आकडे, ३५०ला निळ्यावर पांढरे, २५०ला हिरव्यावर पांढरे, १२५ला काळ्यावर पांढरे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये याचा अर्थ असा की फिकट पाटीवर काळे आकडे असतील तर ५००कडे झुका. निळी पाटी ऑर्थो फिल्मवर फिकट येऊन पांढरे आकडे पुसट होतात, तेही लक्षात ठेवा. क्लबच्या छोट्या रेसमध्ये हे नियम कुणी पाळलेच असतील असं नाही.

नंबर, जागा आणि वर्षाचा अंदाज हे तिन्ही जमलं की स्पर्धकांच्या याद्या शोधा. टीटी आणि त्याच बेटावरच्या मँक्स ग्रांप्रीचे निकाल वर्षवार मिळतात, जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटल संग्रहही आहेत. आडनाव सापडलं तर शेजारी गाडीचं नावही असतं. नाही सापडलं तर पणजोबा दुसऱ्याच्या गाडीवर बसून फोटो काढून घेत होते ही शक्यता घरच्यांना हळूच सांगा. घरात ट्रॉफ्या, बिल्ले, लायसन्स, जुनी बिलं असतील तर तीही एकदा उपसा, टीटीत ठरावीक वेळेत रेस पूर्ण करणाऱ्यांना मूळ ट्रॉफीची छोटी प्रतिकृती मिळायची आणि ती पुष्कळदा कपाटात शोभेची मूर्ती म्हणून पडलेली असते.

विचारायचं कसं

एवढं करून अडलात तर जाणकारांकडे जा: ब्रिटिश गाडीसाठी १९४६ मध्ये स्थापन झालेला व्हिंटेज मोटर सायकल क्लब, अमेरिकन गाडीसाठी १९५४चा अँटिक मोटरसायकल क्लब ऑफ अमेरिका, शिवाय बऱ्याच कंपन्यांचे आपापले क्लब आहेत. न कापलेला पूर्ण फोटो पाठवा, सोबत इंजिन, चिमटा आणि मागच्या चाकाचे वेगळे क्रॉप, मागची बाजू, आणि तुम्हाला काय माहीत आहे ते. माहिती देताना घरात ऐकलेलं आणि फोटोत दिसलेलं वेगवेगळं लिहा. "आजी सांगायची की टीटीला गेले होते" हे एका ओळीत, "पायाचा गिअर दिसतोय" हे दुसऱ्या ओळीत. दोन्ही मिसळलं की समोरचा तुमच्या आजीची गोष्ट खरी धरून तिला जुळणारी गाडी शोधतो.

उत्तरं आली की प्रत्येकाला कारण विचारा. "ही सनबीम आहे" एवढ्याने भागत नाही, कुठल्या भागावरून म्हणताय ते सांगा म्हणायचं, खरा जाणकार टायमिंगच्या झाकणाचा आकार किंवा ऑइल पंपाची जागा लगेच दाखवतो. शेवटी फाईलच्या नावात आणि फोटोच्या मागे ठेवायच्या चिठ्ठीत तीन रकाने करा, पक्कं, बहुतेक आणि नुसता अंदाज. चिठ्ठी पेन्सिलने आणि वेगळ्या कागदावर लिहा, फोटोच्या मागे बॉलपेन अजिबात चालवू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतात.